नाकाशेजारची फट

शाळेच्या सभागृहात खुर्च्या दोनशे आणि माणसं सव्वातीनशे. ज्यांना खुर्ची मिळाली नव्हती ते भिंतीला टेकून, खिडकीच्या कट्ट्यावर चढून, दारात टाचा उंचावून उभे होते आणि सगळ्यांचे मोबाईल एकाच दिशेला रोखलेले होते. व्यासपीठावर नऊ वर्षांची एक मुलगी डोळ्यांवर जांभळी रेशमी पट्टी बांधून बसली होती आणि मांडीवरच्या पुस्तकातून घडाघडा वाचत होती.

"एका तळ्यात पाच बेडूक राहत होते. त्यातला सर्वांत लहान बेडूक फार आळशी होता..."

शब्द अडत नव्हता. पान संपलं की पानही उलटत होती.

"बंद डोळ्यांनी!" पट्टीवाले सर कुजबुजले. कुजबुजले म्हणजे कानाला लावलेल्या माईकमधून कुजबुजले, त्यामुळे ती कुजबुज फाटकाबाहेरच्या पहारेकऱ्यालाही ऐकू गेली. "मित्रांनो, डोळा म्हणजे काय? नुसती खिडकी! आणि खिडकी बंद झाली म्हणून घर आंधळं होतं का?"

"नाही!" सभागृह गरजलं.

खिडक्या लावून घेतल्या की घरात अंधार होतो, हे सव्वातीनशे माणसांपैकी एकालाही आठवलं नाही.

'पट्टीवाले सर' हे नाव मुलांनी ठेवलं होतं. त्यांचं स्वतःचं बिरुद ओळभर लांब होतं आणि त्यात 'तरंग', 'चेतना' आणि 'आंतरराष्ट्रीय' हे तिन्ही शब्द होते. कपडे पांढरेशुभ्र, आवाज मधात बुडवून काढलेला. शेजारच्या टेबलावर काचेची एक मोठी बरणी होती आणि तिच्यात लहान मुलांचे चष्मे. गुलाबी काड्यांचे, निळ्या काड्यांचे. एकाची काडी मोडल्यावर कुणा बापानं बारीक तार गुंडाळून जोडलेली. "हे चष्मे नाहीत, बेड्या आहेत," सर बरणीवर हात ठेवून म्हणाले. "दहा दिवसांच्या शिबिरात अकरा मुलांनी त्या तोडल्या. आज बारावी बेडी तुटणार!"

बारावी बेडी तिसऱ्या रांगेत, सात वर्षांच्या चिंगीच्या नाकावर होती. शेजारी तिची आई, पलीकडे बाबा, त्यापलीकडे आजी.

चिंगीच्या आईचं लक्ष बेडकांकडे नव्हतं. ती वाचणाऱ्या मुलीची हनुवटी बघत होती. मांडीवरचं पुस्तक वाचताना कुणीही मान खाली घालतो. या पोरीनं ती छताकडे उचलली होती.

ही हनुवटी तिच्या चांगली ओळखीची होती.

चिंगीचा उजवा डोळा तल्लख, डावा आळशी. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, "डावा डोळा बघतो, पण मेंदू त्याला विचारतच नाही. म्हणून चष्मा तर हवाच, शिवाय चांगल्या डोळ्यावर रोज चार तास ही चिकटपट्टी लावा. मग आळशाला काम करावंच लागेल. हे आत्ताच व्हायला हवं. वय वाढलं की मेंदू ऐकत नाही आणि गेलेली नजर परत मिळणं फार अवघड होतं." मग स्वतः पट्टी चिकटवून दाखवत म्हणाल्या होत्या, "इथे, नाकाच्या बाजूला नीट दाबायचं. मुलं पक्की लबाड असतात, फटीतून बघतात. हनुवटी वर झाली की ओळखायचं."

पाच महिने आईनं ती फट दाबली होती. रोज रडारड, रोज मनधरणी, रोज तोच प्रश्न: "नाकाकडून दिसतंय का गं?" आणि रोज तेच उत्तर: "नाही." हनुवटी मात्र छताला.

मग पट्टीवाले सर आले.

"अगं, डॉक्टर वर्षभर म्हणते आणि हा माणूस दहा दिवस म्हणतोय," नवऱ्यानं हिशेब मांडला होता.

"आणि पोरीच्या तोंडावरचं ते ठिगळ मला बघवत नाही," सासूबाई म्हणाल्या होत्या. "उद्या शाळेत चिडवतील. तू मेली काळजी करकरून तिला आजारी पाडशील."

दहा दिवस चिकटपट्टी बंद होती. तरंग अडतात म्हणे! आज चष्माही बरणीत जाणार होता. आई पदवीधर होती, पण घरात लेकीसकट तीन माणसं एका बाजूला आणि आपण एका बाजूला असलो की पदवी कपाटातच राहते. आपलंच डोकं फिरलंय की काय, असं तिला वाटायला लागलं होतं.

म्हणून काल शाळा सुटल्यावर ती चिंगीच्या वर्गाच्या बाईंकडे गेली होती.

बाई वर्गात एकट्याच फळा पुसत होत्या. त्यांच्या वर्गाची एक रीत होती. कुणीही काही सांगितलं की बाई विचारायच्या, "कसं कळलं?" आणि मुलानं हातानं दाखवायचं. नुसतं ऐकलं असेल तर कानाची पाळी धरायची. पाहिलं असेल तर डोळ्याखाली बोट. स्वतः करून पाहिलं असेल तर तळहात पुढे. चिंगी घरीही तसंच करायची. "आजी चिडलीय," असं सांगून कानाची पाळी धरायची, की सासूबाई खरोखरच चिडायच्या.

"बाई, तुम्हाला काय वाटतं? त्या सरांचं खरं असेल?"

"तुम्ही काय पाहिलंत?"

आई चाचरत म्हणाली, "हनुवटी... शिबिरात सगळी मुलं हनुवटी वर करतात. चिंगी पट्टीतून चोरून बघते तशीच."

"मग मला का विचारता?"

"एवढे सगळे लोक टाळ्या वाजवतात हो. मुख्याध्यापकसुद्धा. मी कोण?"

बाईंनी डस्टर खाली ठेवलं. "सांगते मी कोण होते ते. नोकरीला लागून वर्ष झालं होतं. गावात एक जण आला. नळीनं कानातून खडे ओढून काढायचा आणि म्हणायचा, दोष गेला. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या धाकट्या बहिणीचा कान वाहत होता. आईबाप तिला दवाखान्यात न्यायचं सोडून याच्याकडे घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी भर वर्गात उठून म्हणाली, बाई, खडे त्याच्या गालात आधीपासूनच होते, मी पाहिले."

"मग?"

"मग काय! मोठ्यांबद्दल असं बोलायचं नाही म्हणून मी तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. मुकाट उभी राहिली बिचारी. पुढे बहिणीचा तो कान गेला. कायमचा. आणि ही पोर वर्ष संपेपर्यंत माझ्या वर्गात एक अक्षर बोलली नाही." बाईंचा आवाज कोरडा होता. "चाळीस मुलं होती. चाळीसातलं एक विचार करत होतं, आणि शिक्षिका म्हणून मी नेमकं तेच बाहेर काढलं. तेव्हापासून माझ्या वर्गात पाढे मागे पडले तरी चालतात. 'कसं कळलं' चुकत नाही."

डस्टर पुन्हा उचलत त्या म्हणाल्या, "उद्या येताना त्या चिकटपट्ट्या पर्समध्ये ठेवा."

आणि आता सभागृहात सर पुकारत होते, "चिंगीबाळ, ये!"

चिंगी व्यासपीठावर गेली. चष्मा उतरला. सरांनी तो बरणीवर अधांतरी धरला, फोटोंसाठी. जांभळी पट्टी बांधली गेली. आईनं पर्समधल्या चिकटपट्ट्या चाचपल्या.

"कुणाला शंका असेल, तर अवश्य यावं!" सरांनी दोन्ही हात पसरले. शंकेखोर माणूस एवढ्या गर्दीत उठत नाही, याची त्यांना पक्की खात्री होती.

बाजूच्या रांगेतून बाई उठल्या.

"अरे वा! गुरुजनच आले! या, हे चित्र घ्या. बाळाच्या मांडीवर ठेवा हं, ऊर्जेचा प्रवाह खालून वर असतो."

"असणारच," बाई म्हणाल्या. त्यांनी कार्ड मांडीवर ठेवलं. "चिंगे, काय आहे?"

हनुवटी वर गेली. "छत्री. लाल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी डोळे पुसले. बाई टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या आणि मग रोज वर्गात विचारायच्या त्याच सुरात त्यांनी विचारलं, "छान. कसं कळलं?"

आणि चिंगीचा हात, वर्षभराच्या सवयीनं, आपोआप वर गेला. बोट डोळ्याखाली टेकलं. नेमकं तिथे, जिथे रेशीम आणि नाक यांच्यामध्ये करंगळीएवढी फट होती.

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"अंतर्चक्षू!" सर तत्परतेनं ओरडले. "पाहिलंत? बाळ अंतर्चक्षू दाखवतंय!"

"अंतर्चक्षू नाकाशेजारी असतो का हो?" बाईंनी विचारलं.

आई उठली. नवऱ्यानं पदर ओढल्यासारखा तिचा हात धरला. "अगं, बस खाली! काय तमाशा..."

"तमाशा तिथं वर चाललाय, अहो," ती म्हणाली आणि हात सोडवून व्यासपीठावर चढली. तिनं रेशमी पट्टी सोडली, पर्समधून दोन चिकटपट्ट्या काढल्या आणि पाच महिन्यांच्या सरावानं लेकीच्या दोन्ही डोळ्यांवर चिकटवल्या. नाकाच्या बाजूला अंगठ्यानं दाबल्या. वरून सरांचंच जांभळं रेशीम बांधलं.

"हे चालणार नाही!" सरांच्या आवाजातला मध आटला. "कृत्रिम चिकट द्रव्यानं तरंग अडतात!"

"रेशमातून जातात आणि कागदी पट्टीला अडतात? फारच नाजूक तरंग दिसतात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरं कार्ड मांडीवर ठेवलं. "चिंगे, काय आहे?"

हनुवटी वर. आणखी वर. मग मान डावीकडे, उजवीकडे.

"दिसत नाही, बाई."

"नकारात्मक ऊर्जा!" सरांनी बोट सभागृहावरून फिरवलं. "इथे कुणीतरी संशय घेतंय! संशयानं तरंग विरतात!"

"मी घेतेय," आई म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आणि थांबा, अजून घेतेच आहे." तिनं रेशीम सोडलं, चिकटपट्ट्या हळूच काढल्या आणि नुसतं रेशीम परत बांधलं. बाईंनी कार्ड बदललं तशी ती म्हणाली, "आता सांग, राणी."

"होडी. निळी."

"संशय तोच, माणसं तीच," आई म्हणाली. "परत आली ती फक्त फट."

मग चिंगीनं स्वतःच पट्टी कपाळावर सरकवली आणि आईकडे बघत म्हणाली, "सर म्हणाले होते, खालून दिसतं हे सांगायचं नाही. सांगितलं तर आईबाबांना खूप वाईट वाटेल. म्हणून नाही सांगितलं."

कोपऱ्यात बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीनं बेडकांचं पुस्तक मिटलं. "मलापण खालूनच दिसतं. आणि बेडकांची गोष्ट तर पाठच आहे. रोज तीच वाचायला लावतात."

आता मात्र हशा उसळला. सरांनी माईक झाकला, मग उघडला, मग विज्ञान अजून तिथवर पोचलेलं नाही असं काहीबाही सांगू लागले. विज्ञानाला एवढ्या दूर जायची गरजच नव्हती. चिकटपट्टीपर्यंत पोचलं तरी पुरे होतं.

चिंगीचे बाबा ताडकन उठले. आई मनातून चरकली. ते सरळ व्यासपीठावर आले, लेकीच्या कपाळावरची पट्टी त्यांनी उचलली आणि स्वतःच्या डोळ्यांवर बांधली. हनुवटी वर केली. मनगट पोटाशी धरून म्हणाले, "चार वाजून दहा मिनिटं." मग मनगट तोंडासमोर, डोळ्यांच्या रेषेत धरलं. गप्प राहिले. बराच वेळ गप्प राहिले.

"बाबा, कसं कळलं?" चिंगीनं विचारलं.

बाबांनी पट्टी काढली. मान खाली होती. त्यांनी तळहात पुढे केला.

बाईंनी माईक मागितला नाही. त्यांचा आवाज तसाही शेवटच्या बाकापर्यंत जायचा. "मुलांना कुणी खोटारडं म्हणू नका. ती खोटं बोलली, कारण तुम्हाला खूश बघायचं होतं त्यांना. चमत्काराला टाळ्या मिळतात आणि 'दिसत नाही' म्हणणाऱ्या मुलाला धपाटा, हे मुलं लवकर शिकतात. तुम्हा सगळ्यांना हनुवट्या दिसत होत्या. शेजारी टाळ्या वाजवत होता म्हणून तुम्ही आपले डोळे बंद केलेत. त्याला रेशीमही लागलं नाही. एक कराल? घरी जाऊन ही पट्टी स्वतः बांधून बघा. पुढच्या वेळी कुणी असं काही दाखवलं, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा, कसं कळलं? रागावणारा रागावू दे. खऱ्या गोष्टीला प्रश्नानं ओरखडासुद्धा उठत नाही."

मुख्याध्यापक बुटांची टोकं न्याहाळत होते. सर बॅग आवरत होते. बरणी मात्र त्यांना नेता आली नाही, कारण तिच्याभोवती आईबापांची झुंबड उडाली होती. "निळ्या काड्यांचा आमचा!" "अहो, तो तारेचा इकडे द्या!" मघाशी ज्या बेड्या तुटल्या म्हणून याच हातांनी टाळ्या पिटल्या होत्या, त्या आता पदरानं पुसून मुलांच्या नाकांवर चढवल्या जात होत्या.

घरी आल्यावर सासूबाई चपला काढून थेट आत गेल्या. मग त्यांनीच औषधांच्या डब्यातून चिकटपट्ट्यांचं पाकीट आणून सुनेसमोर ठेवलं आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, "दहा दिवस बुडले गं. डॉक्टरीणबाईंना विचारून घे, वेळ वाढवायची का ते."

आईनं चिंगीला खिडकीपाशी उजेडात बसवलं. पट्टी चिकटवली, अंगठा फिरवला, वर चष्मा चढवला. आणि पाच महिने विचारला तोच प्रश्न विचारला, "नाकाकडून दिसतंय का गं?"

चिंगीनं हनुवटी वर केली. मग तिनं डोळ्याखाली बोट टेकवलं.

"थोडंसं दिसतंय, आई. इथून. नीट दाब."