फुली

"वह्या बंद. चिठ्ठ्या काढा," बाई म्हणाल्या, आणि नर्सिंगच्या वर्गातल्या एकतीस मुलींनी कुरकुरत अर्ध्या अर्ध्या पानाच्या चिठ्ठ्या फाडल्या.

यात नवीन काही नव्हतं. तास सुरू झाला की कालचा एक प्रश्न, गेल्या आठवड्याचा एक, गेल्या महिन्याचा एक, ही बाईंची तीस वर्षांची रीत. पुन्हा पुन्हा आठवायला लावलं की डोक्यात पक्कं बसतं, नुसतं वाचून डोंबल बसतंय, असं त्या म्हणत. मुली त्यांना पाठीमागे 'कालच्या बाई' म्हणायच्या. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

आजचा प्रश्न मात्र दोन महिन्यांपूर्वीच्या धड्यावरचा होता.

"पोटॅशियमचं इंजेक्शन कसं द्यायचं? एका ओळीत लिहा."

"बाई, हे तुम्ही कधी विचारलंच नाहीत!" पहिल्या बाकावरची म्हणाली.

"म्हणूनच विचारतेय. लिही."

खरंच विचारलं नव्हतं. कुठल्याच वर्षी. हा धडा त्या एकदाच घेत, पण असा की अंगावर काटा यावा. फळाभर लाल खडूने 'थेट शिरेत' लिहायचं, त्यावर भली मोठी फुली मारायची आणि सांगायचं, असं दिलंत तर माणूस मिनिटभरात जातो. सलाईनमध्ये मिसळून, सावकाशच द्यायचं. इतकं धडकी भरवणारं कोण विसरणार?

एक विसरली होती. दोन वर्षांपूर्वी याच वर्गातून बाहेर पडलेली. तीन आठवड्यांमागे, सलग दुसऱ्या पाळीला उभी असताना, तिने ते थेट शिरेत दिलं. दोन लेकरांचा बाप तिच्या डोळ्यांदेखत गेला. "मला फळ्यावरची लाल अक्षरं लख्ख दिसली," एवढंच ती चौकशीत म्हणत राहिली. काल समितीचा कागद बाईंकडे आला: हे शिकवलं होतं का? बाईंनी 'होय' लिहून सही ठोकली. तीस वर्षांच्या अब्रूचा प्रश्न होता. पण घरी गेल्यावर ती लाल अक्षरं काही त्यांच्या डोक्यातून जाईनात.

चिठ्ठ्या जमल्या. बाई उभ्यानेच वाचू लागल्या. सलाईनमधून. सलाईनमधून. थेट शिरेत. सलाईनमधून. थेट शिरेत. एकीने तर खाली दोन रेघा ओढल्या होत्या, इतकी तिला खात्री! एकतीसांत अकरा 'थेट शिरेत'. अक्षरं आठवली होती, फुली आठवली नव्हती.

"बसा, आलेच मी," म्हणत बाई त्या अकरा चिठ्ठ्या मुठीत धरून निघाल्या आणि समोरच्या इमारतीतल्या कचेरीपर्यंत जवळजवळ पळतच गेल्या.

"माझा जबाब परत द्या. मला बदलायचाय."

"उशीर केलात, बाई," कारकून म्हणाला. "सकाळीच सह्या झाल्या. नोंदणी रद्द. आता नर्स म्हणून कुठे उभं करणार नाहीत तिला. बाहेरच बसलीये बघा."

ती जिन्यापाशी बाकावर बसली होती, हातात निकालाचा कागद. बाईंना पाहून सवयीने उठली.

"माफ करा, बाई. तुमचं नाव घालवलं मी. तुम्ही शिकवलं होतंत, माझ्याच डोक्यात दगड भरलेत."

"नाही गं." बाईंनी चिठ्ठ्या तिच्या हातात दिल्या. "मी नाही शिकवलं. हे बघ, आत्ताच्या मुली. मी वर जाते, समितीच्या साहेबांचे पाय धरते, सांगते की चूक माझी..."

तिने एकेक चिठ्ठी वाचली. अकरावी वाचून झाल्यावर हलक्या आवाजात विचारलं,

"यांची वॉर्डातली पाळी कधी आहे?"

"आज. दोनपासून."

भिंतीवरच्या घड्याळात दोनला सात मिनिटं कमी होती.

"मग तुम्ही इथे काय करताय, बाई?" ती किंचाळलीच. "जा ना!"