नजरेआड होईपर्यंत

पाहुणा नजरेआड होईपर्यंत दारात उभं राहून हात हलवायचा, ही आमच्या छोट्या लॉजची रीत.

सोलमध्ये शिकणारी हंगेरीची इलदिको सुट्टीत जपानात ओसाका, नारा करत आमच्या ताकायामाला आली आणि आमच्याकडे एक रात्र राहिली. सकाळी निघाली तेव्हा नदीवर एवढं धुकं, की पूल तरंगतोय असं वाटावं. चार पावलांत पोरगी त्यात विरघळली.

आम्ही हात हलवतच राहिलो.

"गेली असेल गं ती," हे कुरकुरले. "हात भरून आला माझा."

"आपल्याला ती दिसत नाही, म्हणून तिला आपण दिसत नसू कशावरून? हलवा गुमान!"

"धुक्याला निरोप देतेय बाई!"

बऱ्याच वेळानं धुकं सायीसारखं बाजूला सरकलं. पुलाच्या मधोमध इलदिको उभी होती. आमच्याकडे तोंड करून हात हलवत होती.

"तुम्ही आत गेलात की नाही, कळेचना!" ती मोडक्यातोडक्या जपानीत ओरडली.

तेवढ्यात स्टेशनातून तिची गाडी सुटल्याचा भोंगा ऐकू आला.

यांनी हात खाली घेतला नाही. नुसतं म्हणाले, "जा, चहा टाक. आता परत निरोप द्यावा लागणार."