पाठीवर पडणारं दार

अनुपचा फोन आला तेव्हा बाबांना जाऊन दोन महिने होऊन गेले होते.

"माधवीताई, अमरावतीले कधी येऊन राहिल्या?"

"शनिवारी. का रे?"

"आल्या त प्लांटवर एक चक्कर मारा. बाया मले दाराले हातच लावू देऊन नाई राहिल्या."

अनुप बाबांच्या हाताखाली काम शिकला, त्यांना दादा म्हणायचा, आणि आता त्यांच्या जागी आहे. नांदगाव पेठच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये बाबा दारं सांभाळायचे. मटार, मक्याचे दाणे, सीताफळाचा गर असलं सगळं तिथल्या उणे वीस अंशांच्या खोलीत ठेवतात. त्या खोलीला पूर्वी जाड सरकतं दार होतं. चार वर्षांपूर्वी ते काढून नवं बसवलं. नवं दार म्हणजे जाड प्लास्टिकचा पडदा, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वर गुंडाळला जाणारा आणि तसाच सपकन खाली येणारा. त्याला घाई असावीच लागते. दार जितकं उघडं राहील तितकी बाहेरची ओली हवा आत शिरते आणि मिळेल तिथे बर्फ होऊन बसते. बाबा रोज सकाळी सेन्सरची काच आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसायचे. पडदा ज्या खाचांतून सरकतो त्या खाचा गरम राहाव्यात म्हणून आत हीटरची तार असते. ती चालू आहे की नाही, हे बाबा तळहात टेकवून पाहायचे. घरी येऊनही त्यांच्या त्या हाताला बराच वेळ गारवा असायचा.

शनिवारी कॉलेज आटोपून मी अकोल्याहून निघाले. आईकडे बॅग टाकली आणि तशीच नांदगाव पेठेला गेले.  आई पुढच्या खोलीत बसली होती आणि घराचं दार सताड उघडं होतं. बाबांना नेलं त्या दिवसापासून दिवसा ते लावलेलं मी पाहिलेलं नाही.

आमच्या घराची ही रीतच. पाहुणा निघाला की त्याच्या पाठीवर दार लावायचं नाही. तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत दारात उभं राहायचं. बाबा तर विजेचं बिल टाकायला आलेल्या माणसालाही असंच पोचवायचे. तो बिचारा वळून वळून पाहायचा, की आपलं काही राहिलं का.

प्लांटवर अनुप मला थेट त्या दारापाशी घेऊन गेला. उंबऱ्यावर बर्फाचा उंचवटा झाला होता, मेण ओघळून थिजावं तसा. पडद्याच्या खालच्या कडेला बर्फाचे दात लागले होते. पडदा खाली यायचा, जमिनीपासून वीतभर वर अडायचा, मोटर कण्हायची आणि तो पुन्हा वर जायचा. बाजूला माल ने-आण करणाऱ्या पाच-सहा बायका रजईसारखे कोट घालून उभ्या होत्या. त्यांच्या पुढे गोदाबाई. त्या बाबांना भाऊ मानायच्या.

"पाह्यलं?" अनुप म्हणाला. "सेन्सर पुसतो, हीटर पाह्यला, रबर बदललं. तरी बर्फ जमतेच. कारण एकच हाये. दार उघडं राहायचा टाइम दादानं वाढवून ठेवला. मी कमी करतो म्हटलं, त ह्या सगळ्या पॅनलसमोर उभ्या झाल्या."

"होऊच," गोदाबाई म्हणाल्या. "शेषरावभाऊच्या हातचं हाये ते. घरच्याले इचारल्याशिवाय कसं मोडू देऊ?"

"मोडून नाई राहिलो मावशी. बटण दाबाचं हाये."

"तू गप रे. काल आला अन् आज बटणं शिकोते."

बायका हसल्या. अनुपही ओशाळून हसला. मी विचारलं, "आत्या, पण बाबांनी वेळ वाढवली कशाला?"

गोदाबाईंनी कोटाची बाही नाकावरून फिरवली. "जुनं दार बरं होतं वं माय. आस्ते आस्ते जाय. हे नवं आलं, अन् पाय आत टाकला का सपकन पाठीवर. वाटे, आपल्याले कोणं हाकलूनच देलं. आत थंडी, मोठाले रॅक, मांगं पाह्यलं त दारच नाई. मीच भाऊले म्हटलं एक दिवस. म्हटलं, भाऊ, तुमच्या घरी आलो त तुमी गल्लीच्या टोकापर्यंत पाहत उभे राहता, अन् इथं कायचं असं दार लावलं जी आमच्या पाठीवर? मी मजाकच केली होती. पण ते हासले नाई. दुसऱ्या दिवशी दार थांबाले लागलं. आपण रॅकपाशी पोचलो का मंग खाली ये."

"केव्हाची गोष्ट?"

"यंदाचीच. चैत-वैशाखातली."

अनुप माझ्याकडे पाहत होता. मला उशिरा कळलं. वैशाखातली वऱ्हाडची हवा, ओठ फाटावेत इतकी कोरडी. दार थोडं जास्त उघडं राहिलं तरी तेव्हा निभावलं असणार. बाबा ज्येष्ठात गेले. श्रावणातल्या ओलीने साचलेला हा बर्फ त्यांनी पाहिलाच नाही.

"दादा असते त आखाड लागल्याबरोबर त्यायनंच कमी केली असती," अनुप हळूच म्हणाला.

मला तेवढी खात्री वाटली नाही. पण बरं वाटलं, त्याने असं म्हटलं म्हणून.

खरं सांगायचं तर मला ती वेळ तशीच राहायला हवी होती. बाबांचे कपडे वाटून झाले, चष्मा कपाटात गेला. हे एक दार तेवढं अजून त्यांच्या मनासारखं चालत होतं. दवाखान्यात स्ट्रेचर आयसीयूत नेताना त्यांनी मान वळवून दाराच्या वरच्या कोपऱ्यातल्या, दार आपोआप लावणाऱ्या दांडीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "याचं क्लोजर कडक झालं. सांग त्यायले." मग ते दार माझ्या तोंडावर लागलं. बाबांचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं ते.

मी गोदाबाईंना म्हणणार होते, की राहू द्या, पाऊस सरेपर्यंत कसेतरी दिवस काढा. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या ललिताचा कोट खांद्यावरून घसरला. आत प्लास्टर होतं, मनगटापासून कोपरापर्यंत.

"हे काय झालं?"

"घरी पडली न ताई. मोरीत. शेवाळ होतं."

बाकीच्या बायका एकदम दुसरीकडे पाहू लागल्या. अनुपसुद्धा ललिताकडे वळला. त्यालाही हेच सांगितलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"ललिता," मी म्हटलं, "इथे पडलीस ना? या बर्फावर?"

तिने कोट वर ओढला. "दादाचं नाव आलं असतं ताई. साहेब म्हटले असते, त्या म्हाताऱ्यानं करून ठेवलं. मेलेल्या माणसावर आळ कायले येऊ द्याचा? हात काय, जुळते."

बाबा असते तर त्यांनी त्या प्लास्टरकडे कसं पाहिलं असतं, ते मला दिसत होतं. रागावले नसते. नुसते खाली बसले असते.

"अनुप," मी म्हटलं, "वेळ कमी कर."

"ताई…"

"कर. आत्या, मी घरची आहे ना? मी सांगते आहे."

गोदाबाई पॅनलसमोरून बाजूला झाल्या. अनुपने लाकडी हातोडीने उंबऱ्यावरचा बर्फ फोडला, खाचा मोकळ्या केल्या, काच पुसली. मी म्हटलं, पहिल्यांदा मी आत जाते. कोट मागितला तर ललिता खुंटीकडे वळली. तिथल्या एका कोटाला कोणी हात लावत नव्हतं, हे मला आधीच दिसलं होतं. ललिताने तो सोडून शेजारचा काढला. मी मात्र तोच घेतला. बाह्या मला लांब झाल्या.

पडदा वर गेला. मी आत पाऊल टाकलं, आणखी दोन टाकली, आणि सप्प. पाठीला वारा लागला. वळून पाहिलं तर पांढरा पडदा जमिनीपर्यंत, कुठे फट नाही. दिवे चालू होते तरी मी घाबरले. गोदाबाई म्हणाल्या ते अगदी खरं होतं. कोणीतरी हाकलून दिल्यासारखं वाटलं. आयसीयूच्या दारापुढे वाटलं होतं, तसंच.

आतून दार उघडायला वरून एक दोरी लोंबत होती, लाल मुठीची. ती मूठ माझ्याही डोक्याच्या वर होती. पण तिला खाली आणखी एक सुती पट्टी बांधलेली होती, पीळ देऊन, गाठी मारून. पट्टीचा हिरवा रंग विटला होता. आईचं ते लुगडं मी लहानपणापासून ओळखते. बुटक्या गोदाबाईंचा हात पोचावा एवढ्या उंचीवर तिचं टोक आलं होतं.

मी ते ओढलं. पडदा झटकन वर गेला आणि पलीकडे सगळ्या बायका दारापाशी दाटीने उभ्या होत्या.

"भेव वाटलं?" गोदाबाईंनी विचारलं.

"वाटलं."

"वाटतेच," त्या म्हणाल्या आणि ट्रॉली घेऊन आत गेल्या. दार त्यांच्या पाठीवर पडलं. या वेळी अडलं नाही. आत कुठेही न थांबणारी त्यांची ट्रॉली आम्ही सगळ्यांनी ऐकली. मग एकदा पडदा उगाचच वर गेला. पट्टी हातात धरून गोदाबाई उभ्या होत्या. "पाह्यलं फक्त," असं म्हणून त्या पुन्हा कामाला लागल्या.

घरी पोचले तेव्हा आई तशीच बसलेली होती. मी तिला सगळं सांगितलं, लुगड्याच्या पट्टीचंही.

"वेळ तू कमी करायला लावली?"

"हो."

"त्यायले नसतं आवडलं."

"नाही."

ती मग म्हणाली, "ललिताचा कोणता हात?"

"उजवा."

"मंग लावाच लागते दार." तिने पदर सारखा केला. "सैपाक कसा करत अशीन ते? उद्या भाजी-पोळ्या घेऊन जाशीन तिच्या घरी."

दिवेलागण झाली होती, मच्छर आत येत होते. मी उठून दाराकडे गेले आणि कडीला हात घातला.

"राहू दे," आई म्हणाली. "आपल्या घरात कुठं बर्फ जमते."

मी कडी सोडली आणि उंबऱ्यात उभी राहिले. गल्ली टोकापर्यंत रिकामी होती. बाबांचा कोट अनुपने घरी न्यायला दिला होता, तो अजून माझ्या हातावर होता. त्याच्या बाह्यांतला गारवा केव्हाच गेला होता.