टेकडीवरचं गार घर

बहात्तरच्या दुष्काळात ईश्वरप्पानं आपल्या थोरल्या बहिणीला टँकरपुढच्या रांगेत घागर धरून भांडताना पाहिलं, आणि तिच्यासाठी घर बांधायचं त्यानं तिथंच ठरवलं. चंद्रव्वाला तो अक्का म्हणे. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. सोलापुरातल्या एका बोळात शेजारच्या काशम्माबरोबर कडक भाकरी थापून विकत तिनं त्याला मुंबईला पाठवलं, आर्किटेक्ट केलं.

अक्कलकोट रस्त्यालगत एका मुरमाड टेकडीच्या उतारावर त्यानं जागा घेतली. नकाशे काढण्यातच वर्ष गेलं. घर अर्धं उतारात खोदलेलं, म्हणजे जमिनीचा गारवा भिंतींना मिळेल. दगड तिथलाच. पश्चिमेला जाड, बिनखिडकीची भिंत. छतात पालथी मडकी रचून वर चुन्याचा थर, आणि छतावरचं पावसाचं पाणी अंगणाखालच्या टाक्यात. पंखा लागू नये, टँकरची वाट बघावी लागू नये, एवढा त्याचा हट्ट होता.

नकाशा त्यानं तिच्यापुढं पसरला.

"चूल कुटं?" अक्कानं विचारलं.

"इथं. धूर वरच्या वर निघून जाईल."

"आन् काशम्मा कुटं बसंल?"

तो हसला. "अक्का, आता भाकरी थापायच्या नाहीत तुला. बास झालं की."

पिठाचे हात लुगड्याला पुसून तिनं कागद जपून गुंडाळून दिला.

घर मनासारखं झालं. पावसाळ्यात टाकं भरलं ते उन्हाळाभर पुरलं. मे महिन्यात बाहेर दगड पोळत असायचे आणि आत फरशीवर पडलं की झोप लागायची. पुण्याहून शिकणारी पोरं घर बघायला आली. ईश्वरप्पा त्यांना भिंतींची जाडी दाखवत हिंडला. अक्कानं सगळ्यांना ताक दिलं.

पण तो महिन्यातले बरेच दिवस कामानं पुण्या-हैदराबादला असायचा. काशम्मा सुरुवातीला एक-दोनदा आली. रस्त्यापासूनचा चढ तिला झेपेना, मग येणं थांबलं. अक्का सवयीनं ढीगभर भाकरी करायची आणि मेंढरं घेऊन येणाऱ्यांना वाटून टाकायची.

एकदा मैंदर्गीच्या बाजाराला निघालेला बोळातला कापडवाला पाणी प्यायला वर आला. बोलता बोलता म्हणाला, "काशम्मा गेल्यापासनं बोळ सुनासुना झालाय." अक्काला काहीच माहीत नाही हे मग त्याच्या ध्यानात आलं. दिवसकार्यसुद्धा होऊन गेलं होतं.

ईश्वरप्पा परतला तेव्हा ती बोळात जाऊन काशम्माच्या लेकीला भेटून आली होती आणि गाठोडं बांधून बसली होती.

"कुणीतरी सांगायला यायला हवं होतं," तो म्हणाला.

"कोन येनार रं इतक्या लांब? तिची लेक म्हनली, आई शेवटाला तुमचं नाव घेत हुती. बोळात असते तर हाक आयकू आली असती मला." गाठोड्याची गाठ आवळत ती म्हणाली, "घर लई चांगलं बांधलंस. तुजी चूक न्हाय. मीच तवा बोलायला पायजे हुतं."

ती बोलली होती, हे त्याला चांगलं आठवत होतं. त्यानं गाठोडं उचललं.

तो तिला बोळात परत घेऊन गेला. खोली तीच, वर पत्रा तोच. पण काशम्माच्या घरात आता दुसरं बिऱ्हाड होतं. बाकीच्या बायकांतल्या कुणी लेकीकडे गेल्या होत्या, कुणी विड्या वळायला लागल्या होत्या. टेकडीवरचं घर पुण्याच्या एका कुटुंबानं भाड्यानं घेतलं. भेटले की ते गारव्याचं कौतुक करायचे, आणि ईश्वरप्पा विषय बदलायचा.

अक्कानं काठवट मांडली. पहिली भाकरी थापून तिनं तव्यावर टाकली आणि दुसरी थापायला घेतली. शेजारी उलटायला कुणी नव्हतं. ईश्वरप्पा पँट सावरत चुलीपाशी बसला. त्याच्या हातून भाकरीची कड करपली. अक्कानं ती बाजूला ठेवली आणि पुढची त्याच्या हाती दिली.