चौथी तार

कल्याणहून नाथा निरोप घेऊन आला, तेव्हा इनास मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसला होता. नाथा रेल्वेतला खलाशी, इनासच्या साडूच्या हाताखालचा. तो दारात उभा राहिला आणि त्याने डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलं. इनासने वर न बघताच सांगितलं, "बस जरा. एवढी वीत होऊ दे."

नाथा बसला नाही, पण थांबला. त्या घरी जो येई तो वीस वर्षं थांबतच आला होता. वीत पुरी झाली, इनासने धोटा खाली ठेवला, तेव्हा नाथाने सांगितलं की इनासची बायको गर्ट्रूडबाई काल कल्याणला पटकीने गेल्या, आणि साथीच्या भीतीने दिवस मावळायच्या आत त्यांना मातीही दिली.

आधी उठला असता तरी काही फरक पडला नसता, हे इनासला कळत होतं. तरी ती वीत त्याला पुढं बरेच दिवस बोचत राहिली. कारण बायकोनेही जन्मभर त्याच्याकडून हेच ऐकलं होतं.

ठाण्यात रेशीम विणणारी ख्रिस्ती घरं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. गिरणीच्या स्वस्त मालाने गिऱ्हाईक नेलं, आणि जो दुप्पट विणेल तोच टिकला. इनास टिकला. तरुणपणी तो देवळात फिडल वाजवायचा, आणि चांगली वाजवायचा. लग्नाआधी गर्ट्रूड मिसाची प्रार्थना संपली तरी बाकावरून उठत नसे आणि का उठत नसे, हे सगळ्या पाखाडीला ठाऊक होतं.

मग काम वाढलं. आधी रविवारची फिडल सुटली, मग सणांची. तारा एकेक करून तुटल्या आणि फिडल खुंटीला लागली. गर्ट्रूड ती दर शनिवारी पुसायची. बिनतारेचं लाकूड कशाला पुसतेस, असं इनासने एकदा विचारलं.

"बिनकेसाचं डोकं तू नाही पुसत?" ती म्हणाली.

इनासला टक्कल होतं. तो हसला आणि पुढची ओळ विणायला लागला. त्यांच्यात यावरून भांडण कधी झालं नाही. फक्त एका रविवारी, मिसाहून येऊन तो तसाच मागावर बसला, तेव्हा ती म्हणाली, "देवानं सहा दिवसांत सगळं जग केलं नि सातव्या दिवशी तो निवांत बसला. तुझं लुगडं जगापेक्षा मोठं आहे का रे?"

कल्याणला तिच्या बहिणीच्या मुलीचं, लुर्दसचं लग्न ठरलं होतं. तयारीला मदत म्हणून गर्ट्रूड पंधरा दिवस आधी निघाली. निघताना तिने सांगितलं की लुर्दसला मी शब्द दिला आहे, तुझ्या वरातीपुढं मावसा फिडल वाजवील. इनासने विचारलं, तारा कुठून आणायच्या? मुंबईहून मागवलेल्या आतड्याच्या तारा महाग, आणि एक पावसाळाही टिकत नाहीत, हे तिलाही माहीत होतं.

"तू हो म्हण. तारांचं मी बघते."

तो हो म्हणाला. हातात धोटा होता, म्हणून लवकर म्हणाला.

ती वारल्यावर लग्न ईस्टरच्या पुढं ढकललं. लुर्दसने निरोप धाडला की मावसा आला तरी पुरे, फिडलीचं मनावर घेऊ नको. त्या निरोपाने इनासला जास्तच लागलं. मेलेल्या माणसाचा शब्द आता मोडायचा की पाळायचा, हे त्याच्या एकट्यावर होतं.

तिसऱ्या आठवड्यात त्याने तिची पेटी उघडली. तळाशी जुन्या फडक्यात रेशमाच्या तीन लांब दोऱ्या होत्या, पिळलेल्या, काडीसारख्या कडक. विणकराच्या डोळ्यांना त्यात एकच गोष्ट दिसली. मागाखाली पडलेलं रेशीम बाईने जपून ठेवलं, आणि ते खळ लागून वाया गेलं. रेशीम फेकणं त्याच्या हातांना माहीत नव्हतं. त्याने पापडखाराच्या पाण्यात ते उकळलं, धुतलं, पीळ सोडवला आणि वाळवून कांडीवर गुंडाळलं. ते लोण्यासारखं मऊ झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला आपलं काही बरं जमलं असं वाटलं. हे रेशीम लुर्दसच्या लुगड्याच्या काठात घालू, म्हणजे मावशी लग्नाला आल्यासारखं होईल, असं त्याने ठरवलं.

शुक्रवारी भागीरथी आली. चेंदणीच्या कोळीवाड्यातली, दर शुक्रवारी गर्ट्रूड तिच्याकडूनच मासळी घ्यायची. ती उंबऱ्यावर टेकली, दोघांचं गेलेल्या बाईबद्दल बोलायचं ते बोलून झालं, आणि तिने खुंटीकडे बघून विचारलं, "तारा चढवल्या नाय अजून?"

कसल्या तारा, असं इनासने विचारलं. मग तिने सगळं सांगितलं. गेलं वर्षभर गर्ट्रूड मासळीच्या निमित्ताने चेंदणीला येत होती. भागीरथीचा नवरा दामाजी जाळ्याचं सूत वळतो; त्याच्यापाशी बसून ती रेशमाला पीळ घालायला शिकली. दोन माडांमध्ये तार ताणायची, बाभळीच्या डिंकाचा हात द्यायचा, वाळवायची. सहा बोंबील आणायला हिला अर्धा दिवस लागतो, असं इनास कुरकुरायचा, तो अर्धा दिवस तिथं जायचा.

"तीन झाल्या व्हत्या," भागीरथी म्हणाली. "चौथी जाडी. ती लग्नाहून आल्यावर वळू म्हनाली."

इनासने तिला कांडी दाखवली. तिने ती हातात घेतली, फिरवून बघितली, आणि तिला समजलं.

"आरं इनासदादा, पोरीला न्हाऊ घालावं तशा धुतल्यास तारा."

इनासला आधी हसू आलं आणि लगेच रडू आलं. त्याने दोन्ही येऊ दिलं. भागीरथीने पदराने आपलंही नाक पुसलं आणि उठत म्हणाली, "रेशीम हाय तवर पीळ घालता येतो. दामाजी घरी हाय. चल."

मागावर अर्धी वीत झाली होती. "एवढी होऊ दे" हे शब्द त्याच्या जिभेवर आलेच होते. ते गिळून तो अर्ध्यातच उठला आणि तिच्या मागून चेंदणीला गेला.

पहिली तार ताणतानाच तुटली. दामाजीने तुकडे उचलून त्याच्या हातात दिले. "तुज्या बायकोचीबी पयली तुटली व्हती," तो म्हणाला. "पन ती तोंड नव्हती पाडून बसली."

तेव्हापासून उन्हं कलली की इनास माग सोडतो. व्यापाऱ्याने माल कमी का येतो म्हणून विचारलं. इनासने सांगितलं, आता एवढाच येईल. व्यापारी पुटपुटला आणि होता तो माल घेऊन गेला. सकाळी मागावर बसताना पाठ दुखत नाही आणि चुकलेला धागा आधी दिसतो, हे इनासच्या हळूहळू ध्यानात आलं. गर्ट्रूडला सांगावंसं वाटलं. रात्री जेवताना त्याने ते मोठ्याने सांगितलंही.

तिनेच जमवलेलं ते रेशीम वळून तीन तारा झाल्या, फिडलीवर चढल्या. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा भागीरथीने मांजराचं शेपूट कुणाच्या पायाखाली आलं म्हणून चौकशी केली. बोटं ताठ झाली आहेत, पण रोज थोडी सैल होतात. ज्या गाण्यासाठी गर्ट्रूड बाकावर बसून राहायची, ते आता अर्ध्यापर्यंत येतं. तिथून पुढं ते चौथ्या, जाड तारेवर उतरतं.

ईस्टरला तीन आठवडे उरले आहेत. जाडी तार अजून वळायची आहे.