काकाच्या पेशी आणि लांबलेलं गाऱ्हाणं

"डॉक्टर, माझ्या काकाच्या पेशींना टाकीत थंडी वाजते का?"

मी हे विचारूच शकणार नाही, अशी पैज माझ्या दोन मैत्रिणींनी, वल्लरी आणि अपेक्षाने, लावली होती. विचारलं! तेही परळच्या हॉस्पिटलात, अख्ख्या वॉर्डसमोर. मागच्या वर्षीची मी असते ना, तर बाबांच्या पाठीमागे लपले असते.

डॉ. कादंबरी हसल्या नाहीत. "नाही गं. गोठलेल्या असतात तोवर मजेत असतात, वर्षानुवर्षं. वितळल्या की मात्र दम धरत नाहीत. गोठवताना घातलेलं औषधच त्यांना बाधायला लागतं. लगेच शरीरात गेल्या पाहिजेत."

राजारामकाकाच्या या पेशी केमोच्या आधी काढून गोठवल्या होत्या. त्याचं नवं रक्त आता त्यांच्यातूनच बनणार होतं. पिशवी एकच.

नर्सने ती कोमट पाण्यात ठेवली आणि बाबांनी हात जोडले. "थांबा. आधी गाऱ्हाणं."

"एक मिनिट हां," डॉक्टर म्हणाल्या. त्या गिरगावच्या. मालवणी गाऱ्हाणं, म्हणजे देवाला घातलेलं साकडं, एका मिनिटात आटपतं असं वाटलं बिचाऱ्यांना!

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू राजाराम..."

"व्हय म्हाराजा!" आई आणि मी.

बाबा ग्रामदेवतेपासून निघाले, वेशीवर थांबले, वाटेत काकाच्या दहावीच्या निकालाबद्दलही माफी मागून झाली. आता नर्सही "व्हय म्हाराजा!" म्हणत होती. शेजारच्या बंद खोलीतला पेशंटसुद्धा. डॉक्टरांनी हात जोडले होते, ते त्यांना सोडवेनात.

"दादा, आवर मरे!" काका पलंगावरून ओरडला. "सगळा इतळला!"

खरंच, पिशवीत बर्फाचा कणही उरला नव्हता. पण गाऱ्हाणं मधेच तोडायचं नसतं. आणि घालायचं ते घरातल्या मोठ्या पुरुषानेच. मी तोडलं नाही. संपवलं.

"बा देवा म्हाराजा, उरलला सगळा तुका ठावक आसा! काकाक बरो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा वॉर्ड गरजला. डॉक्टरांनी झटकन नळी जोडली.

"वेळेत गेल्या," त्या शेवटी म्हणाल्या. खोलीभर लसणाचा वास सुटला होता, त्या औषधाचाच म्हणे. काकाने विचारलं, "कोळंबी आणलास काय?"

बाहेर आई कुजबुजली, "चेडवान घातलेला गाऱ्हाणा देव ऐकता?"

"आत्ताच ऐकलं की मुलीचं!" मी दोघांना बाकावर बसवलं. "आई, बाबा, ठरलं. यंदा गणपतीत गाऱ्हाणं मी घालणार. तुम्ही दोघांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं."