रंजिताचे दात

रंजिताचा आवाज काय होता म्हणता! तीजेची गाणी तिनं धरली की बंजारा तांड्याजवळच्या रस्त्यानं पांढरकवड्याला जाणारे सायकलवाले उतरून उभे राहायचे. तिच्या बापाला, देवसिंगला, या आवाजाचा भारी तोरा. पण पोरीला एक सवय जडली होती. बोलताना, हसताना हात आपोआप तोंडावर जायचा. हाताआड दात होते. पिवळे, त्यावर चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे ठिपके आणि पुढच्या दोन दातांवर तपकिरी पट्टे.

पांढरकवड्यात देवीलालशेठनं केबलवर गावच्या बातम्या सुरू केल्या आणि त्याला वाचायला मुलगी हवी होती. बारावी झालेली रंजिता गेली. आवाज ऐकून शेठ खूश झाला, मग त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"आवाज फर्स्ट क्लास हाय पोरी. पण कॅमेरा तोंडावर राह्यते ना! दात चांगले करून ये. महिनाभर थांबतो, मंग दुसरी पाहीन."

त्या साली बोंडअळीनं पराटी खाऊन टाकली होती. कापूसच नाही तर जिनिंग कशाला चालतंय? ते दोन महिने आधीच बंद पडलं आणि देवसिंगसारखे हमाल घरी बसले. पंख्याखाली खुर्चीवर बसायची नोकरी तांड्यात आजवर कुणाला लागली नव्हती. देवसिंगनं दोन बकऱ्या विकल्या आणि पोरीला दातांच्या दवाखान्यात नेलं. थोरला भारतही आला, गालात तंबाखूचा खर्रा दाबून.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलायला सरळ. भारतनं आगाऊपणानं आधी आपलाच जबडा उघडला. "माह्ये पाहा ना मॅडम."

"तुमचे वरून रंगलेत. खर्रा सोडा, तासाभरात साफ करून देते," बाई म्हणाल्या. मग रंजिताच्या तोंडात आरसा घालून त्या बराच वेळ बघत राहिल्या. "चहा घेतेस? खर्रा, मिसरी काही?"

"नाही मॅडम. कधीच नाही."

"लहानपणी पाणी कुठलं प्यायचीस?"

याचं उत्तर देवसिंगनं दिलं, छाती पुढे काढून. "हापशीचं! मीच आणली ना हापशी. दोन वर्षं पंचायत समितीत चकरा मारल्या. हा भारत तवा नऊ वर्षांचा होता, आन् हे तिच्या याडीच्या पोटात. पयले आमी विहिरीचं गढूळ पाणी पेत होतो. हिले मात्र विहिरीचा एक थेंब पाजू देल्ला नाई."

बाईंनी आरसा ट्रेमध्ये ठेवला. "काका, तुमच्या भागात जमिनीच्या पोटातल्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. चवीला कळत नाही. पोराचे पक्के दात हिरडीत तयार होत असतात तेव्हा ते दातात मिसळतं. भारतचे पुढचे दात हापशी यायच्या आधीच तयार झाले होते. हिचे त्या पाण्यावरच घडले."

देवसिंगला आधी काही उमजलंच नाही. उमजलं तेव्हा त्याला मागचं सगळं आठवलं. या दातांपायी तो लेकीला किती बोलला होता! "दात घासत नाई तू, आळशी हायेस," म्हणून तिला राखुंडी घेऊन उन्हात बसवायचा. पोर हिरड्यांतून रक्त येईस्तोवर घासायची आणि विचारायची, "बा, गेले का?" अरे देवा, कुठून जाणार होते ते!

"पर पांढरे होतात ना, मॅडम?" त्यानं कसंबसं विचारलं.

बाईंनी खोटा धीर दिला नाही. ब्लीचिंगचं औषध दातात झिरपतं, त्यातून सुटणारा ऑक्सिजन रंग फोडतो. पिवळेपणा उतरेल, तपकिरी पट्टा थोडा फिका पडेल. पण पांढरे ठिपके हा रंगच नव्हे, ती दाताची घडणच तशी. बाकीचा दात उजळला की ते उलट उठून दिसू शकतात. वरून कवच बसवता येतं, पण ते नागपूरला, आणि तो खर्च बकऱ्यांत मावणारा नव्हता.

"करा मॅडम," रंजिता म्हणाली. हात तोंडावर धरूनच म्हणाली.

बाईंनी हिरड्यांवर निळा लेप चढवला म्हणजे औषधानं त्या पोळणार नाहीत, दातांवर जेल लावलं, वर दिवा धरला. पंधरा पंधरा मिनिटं, तीन वेळा. मग दातांचं माप घेऊन पातळ प्लास्टिकचे साचे करून दिले. साच्यात प्रत्येक दातापुरता जेलचा बारीक थेंब टाकायचा आणि रोज दुपारी तासभर चढवून बसायचं. हळदीचं खायचं नाही. आता हळदीवाचून वरण कसलं? तिच्या आईनं, मानीबाईनं, तीन आठवडे लेकीसाठी पांढरी, बिनहळदीची खिचडी वेगळी शिजवली. गार पाणी लागलं की रंजिताच्या दातांतून कळ निघायची. ती डोळे गच्च मिटायची, पण साचा एक दिवस चुकवला नाही. देवसिंग समोर बसून राहायचा. त्याला दुसरं करता काय येत होतं!

महिना भरला. तपकिरी पट्टे खरोखरच फिके झाले होते. पिवळेपणा गेला होता. आणि ठिपके? ते बाई म्हणाल्या तसेच उठून आले होते. देवीलालशेठनं दिवे लावले, कॅमेरा लावला, दोन मिनिटं टीव्हीवर पाहिलं आणि दिवे बंद केले.

"तू वाच. तुह्या आवाजावर आपण रस्ते, बाजार, मोर्चे असं दाखवू. तोंड नाई दाखवणार. चालते का?"

"चालते," रंजिता म्हणाली.

घरी येऊन तिनं साचे चुलीत टाकले. बापाशी भांडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

मे महिन्यात एका संध्याकाळी अख्खा तांडा देवसिंगच्या टीव्हीसमोर गोळा झाला. पडद्यावर एक गंजकी हापशी आणि मागे रंजिताचा आवाज, स्वच्छ, ठाम: "आपल्या केळापूर तालुक्यातील अनेक हापशांच्या पाण्यात फ्लोराईडचे प्रमाण जास्त आढळले आहे. हे पाणी लहान मुलांना पाजू नये."

"आवाज काय हाय पोरीचा!" कुणीतरी म्हणालं. बायांनी मानीबाईच्या पाठीवर थापा मारल्या. पाण्याचं कुणी काही बोललं नाही. विहीर होळीलाच आटली होती आणि टँकर येऊन आठ दिवस झाले होते. बोलून करणार काय?

भारतची तीन वर्षांची पोरगी खेळून घामाघूम होऊन आली आणि आजाच्या, देवसिंगच्या, मांडीवर चढली. "दादा, पानी."

तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. दुधाचे दात, पांढरेशुभ्र. पक्के अजून आत, हिरडीत घडत होते. तिनं पुन्हा मागितलं, मग रडू लागली. देवसिंग उठला, रांजणातून हापशीच्या पाण्याचा पेला भरला आणि तिच्या ओठाला लावला.

ती घटाघटा प्याली. "दादा, अजून दे," म्हणाली.